पेशीतल्या जपाच्या वह्या

आमच्या आजीच्या ट्रंकेत रामनामाच्या वह्यांचा गठ्ठा होता. दुपारची जेवणं उरकली, भांडी पडली की ती खिडकीशी बसून 'श्रीराम' 'श्रीराम' लिहीत जायची. मध्येच डुलकी लागायची. जाग आल्यावर आपण नेमक्या कुठल्या ओळीवर होतो हे तिला कळत नसे, कारण वरची ओळ नि खालची ओळ एकसारखीच! मग एखादी ओळ दोनदा मोजली जाई, एखादी राहून जाई. एकदा तिच्या हातून 'श्री'ची वेलांटी ऱ्हस्व पडली. वरच्या ओळीकडे बघून खालची लिहायची सवय असल्यामुळे पुढची दोन पानं तशीच उतरली.

त्या वह्यांची आठवण यायचं कारण म्हणजे या आठवड्याचा विषय. अशाच वह्या तुमच्या, माझ्या, घरातल्या उंदराच्या आणि केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटाच्याही पेशीत आहेत. शास्त्रज्ञ त्यांना 'सॅटेलाईट डीएनए' म्हणतात.

डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली पोथी, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. माणसाच्या पोथीत सुमारे तीनशे कोटी अक्षरं. त्यातला प्रथिनं कशी बनवायची हे सांगणारा मजकूर शंभरात जेमतेम एक-दोन भाग. उरलेल्यात नाना तऱ्हेचा मजकूर आहे आणि त्यातच पानंच्या पानं एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला सापडतो. माणसात अशी पानं सहा टक्क्यांहून थोडी जास्त भरतात. म्हणजे प्रथिनांच्या कामाच्या मजकुरापेक्षा जपच अधिक!

आता 'सॅटेलाईट' म्हटलं की आपल्याला इन्सॅट नाहीतर गच्चीवरची डिश आठवते. इथं आकाशाचा काही संबंध नाही. १९५७ साली मेसेल्सन, स्टाल आणि विनोग्राड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक युक्ती शोधली. सीझियम क्लोराईड या जड क्षाराचं पाणी नळीत घ्यायचं, त्यात डीएनए मिसळायचा आणि ती नळी प्रचंड वेगानं दोन-तीन दिवस गरगर फिरवायची. तळाशी पाणी दाट होतं, वर विरळ राहतं आणि डीएनए आपल्या घनतेला साजेशा थरात जाऊन थांबतो. ताक घुसळल्यावर लोणी वर यावं तसाच प्रकार. १९६१ मध्ये सॉल किट यांनी उंदराचा डीएनए असा फिरवला, तेव्हा मुख्य जाड पट्ट्याशेजारी एक बारीक पट्टा वेगळा उभा राहिला. दोन्हींच्या घनतेत फरक घनसेंटिमीटरमागे एक शतांश ग्रॅमचा, पण पट्टा अगदी स्पष्ट. ग्रहाशेजारी चंद्र असावा तसा. म्हणून 'सॅटेलाईट'. पुढं असे कितीतरी जप सापडले की जे नळीत वेगळे पट्टे करतच नाहीत, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याच सुमारास एका खेकड्यातला असाच पट्टा तपासला गेला, तर त्यात जवळजवळ फक्त ए आणि टी ही दोनच अक्षरं आलटून पालटून आलेली!

उंदराच्या त्या पट्ट्यात आहे तरी काय, हे रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोहन यांच्या १९६८ च्या लेखानं जगापुढं आणलं. डीएनएचे दोन धागे उष्णतेनं सुटे करायचे आणि गार झाल्यावर त्यांना आपापला जोडीदार शोधायला किती वेळ लागतो ते बघायचं. लग्नाच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग आठवा. प्रत्येकाची चप्पल निराळी असेल तर जोड लावता लावता संध्याकाळ होते. पण सगळ्यांनी एकाच मापाच्या, एकाच दुकानातल्या कोल्हापुरी घातल्या असतील तर? कुठलीही डावी, कुठलीही उजवी, काम फत्ते! उंदराच्या डीएनएचा दहावा हिस्सा असा झटपट जुळला. एकच तुकडा सुमारे दहा लाख वेळा असल्याशिवाय हे शक्य नव्हतं. १९७० मध्ये मेरी लू पार्ड्यू आणि जोसेफ गॉल यांनी तो तुकडा गुणसूत्रावर नेमका कुठं बसतो हेही दाखवलं: गुणसूत्राच्या कंबरेशी, ज्याला आपल्या पाठ्यपुस्तकात गुणसूत्रबिंदू म्हणतात त्याच्या आसपास.

जपाचा शब्द किती लांब? इथं प्रत्येक जातीची तऱ्हा निराळी. गिनीपिगच्या एका सॅटेलाईटमध्ये तो सहा अक्षरांचा: सी-सी-सी-टी-ए-ए. एडविन सदर्न यांनी १९७० मध्ये तो वाचला. ड्रोसोफिला व्हिरिलिस या फळमाशीत सात-सात अक्षरांचे तीन शब्द आहेत आणि पहिल्यापासून बाकीच्या दोघांत प्रत्येकी एकाच अक्षराचा फरक. जणू एकाच नावाचे तीन उच्चार! हे तिघं मिळून त्या माशीच्या डीएनएचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग व्यापतात. उंदराचा मुख्य शब्द २३४ अक्षरांचा, माणसाचा १७१ अक्षरांचा. आपल्या शब्दात आणखी एक खुबी आहे. एक्स गुणसूत्रावर असे बारा शब्द ओळीनं येतात. एकमेकांशी मिळतेजुळते, पण हुबेहूब नव्हेत. मात्र त्या बारांचा मिळून जो सर होतो तो जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा, पुन्हा, पुन्हा ओवलेला, सुमारे तीस लाख अक्षरांपर्यंत. मण्यांचे सर आणि सरांची माळ. दागिन्यांची हौस असलेल्या वाचकांना ही रचना लगेच डोळ्यांसमोर येईल.

आता खरी मेख. कामाची जनुकं जाती-जातींत फारशी बदलत नाहीत. माणूस आणि चिंपांझी यांची जनुकं शेजारी ठेवली तर फरक शोधत बसावं लागतं. जपाचं तसं नाही. चिंपांझी आणि गोरिला यांच्या गुणसूत्रांच्या टोकांशी ३२ अक्षरांचा एक जप आहे. माणसात तो नाहीच. सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या जातींतही जपाचा शब्द, नाहीतर त्याची लांबी, बदललेली असते. पण एकाच जातीच्या आत लाखो प्रती एकमेकींशी इमान राखून असतात. हे कसं?

उत्तर आजीच्या वहीत आहे. पेशी विभागते तेव्हा डीएनएची नक्कल होते आणि बीजपेशी बनताना गुणसूत्रांच्या जोड्या शेजारी येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात. वेगवेगळा मजकूर असला की ओळीला ओळ बरोबर लागते. पण सगळ्याच ओळी सारख्या असतील तर पाचवीशी आठवी लागली काय आणि बारावी लागली काय, कुणाला पत्ता! एका वहीत ओळी वाढतात, दुसरीत घटतात. १९७६ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी दाखवून दिलं की नुसत्या अशा चुकीच्या अदलाबदलीतूनही एखादा ऱ्हस्व 'श्री' हळूहळू सगळी वही व्यापू शकतो. कुणी मुद्दाम काही करायला नको. दोन जाती वेगळ्या झाल्या की एकीत ऱ्हस्व पसरतो, दुसरीत दीर्घच राहतो आणि काही लाख वर्षांत वह्या ओळखू येईनाशा होतात.

दुसराही एक मार्ग आहे आणि त्याचा पुरावा मिळाला पिठातल्या किड्यांत. या किड्यांचं घराणं जपाच्या बाबतीत भलतंच श्रीमंत. पाळीव पक्ष्यांना खाऊ म्हणून विकतात त्या मीलवर्म किड्याच्या डीएनएचा निम्मा हिस्सा १४२ अक्षरांच्या एकाच शब्दाचा आहे. निम्मा! १९७७ मध्ये अमेरिकेतल्या कांगारू-उंदरांवर काम करताना फ्राय आणि साल्सर यांनी कल्पना मांडली होती की, जवळच्या जातींकडे शब्दांचा एक सामाईक संग्रह असतो. कुणी त्यातला एक वाढवतो, कुणी दुसरा. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पॅलोरस नावाच्या धान्यकिड्यांच्या चार जाती तपासल्या. चौघींकडे चारही शब्द होते, पण प्रत्येकीत एकच शब्द उदंड आणि बाकीचे चिमूटभर. गृहिणींना हे समजावून सांगायला नको. मिसळणाचा डबा सगळ्यांकडे तोच, वाट्याही त्याच. एकीकडे तिखटाची वाटी काठोकाठ, दुसरीकडे धण्याची.

या कथेत एक पान आपल्या देशाचंही आहे आणि ते लिहिलं एका सापानं. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात १९४७ साली जन्मलेले लालजी सिंग बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर डॉक्टरेट करून एडिंबरोला गेले. तिथं केनेथ जोन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पट्टेरी मण्यारीच्या डीएनएतून एक छोटा सॅटेलाईट वेगळा केला. काळे-पिवळे रुंद पट्टे असलेला हा साप विषारी म्हणून प्रसिद्ध, पण विज्ञानात त्याचं नाव झालं ते या जपामुळं. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'बीकेएम' म्हणतात. सापांत मादीकडे डब्ल्यू नावाचं खास गुणसूत्र असतं. हा जप त्या डब्ल्यूवर दाटीवाटीनं बसलेला आढळला, म्हणजे मादीची जणू ओळखच. १९८० मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

त्या जपाची अक्षरं १९८२ मध्ये वाचली गेली: मुख्यतः जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए. वाचली कुठं, तर कॅलिफोर्नियात सुसुमु ओहनो यांच्या प्रयोगशाळेत. हे तेच ओहनो, ज्यांनी १९७२ मध्ये अशा निरुपयोगी दिसणाऱ्या डीएनएला 'जंक', म्हणजे अडगळ म्हटलं होतं. पुढं १९८० मध्ये फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी त्याला 'आपमतलबी' ठरवलं. स्वतःच्या प्रती वाढवण्यापलीकडे त्याला काही काम नाही, असं त्यांचं म्हणणं. बिचारा जप!

तो जी-ए-टी-ए माणसातही विखुरलेला आहे आणि प्रत्येकात त्याच्या ओळींची संख्या वेगळी. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत लालजी सिंगांनी मण्यारीच्या जपाचा उपयोग करून डीएनए ठसे घ्यायची देशी पद्धत बसवली. ब्रिटनमध्ये अलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये छोट्या जपांवरूनच असे ठसे सापडले होते. त्यासाठी आपल्याला परदेशाकडे हात पसरावा लागला नाही. केरळमधल्या पितृत्वाच्या दाव्यात ही पद्धत कोर्टात उभी राहिली. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या हत्येनंतर अवशेषांची ओळख पटवायला तीच कामी आली. लालजी सिंग २०१७ मध्ये गेले.

पण ठसे घेता येतात हा आपला फायदा. पेशीला या जपाचा काय उपयोग?

पेशी विभागताना प्रत्येक गुणसूत्राला कंबरेशी दोऱ्या लागतात आणि दोन्ही प्रती दोन दिशांना ओढल्या जातात. आपल्यात ही पकड १७१ अक्षरांच्या जपावरच बसते. म्हणजे प्राण्याच्या जगण्यातलं सर्वांत नाजूक काम पोथीतल्या सर्वांत चंचल मजकुरावर सोपवलेलं! या कोड्यावर २००१ मध्ये स्टीव्हन हेनिकॉफ, कामी अहमद आणि हरमीत मलिक यांनी एक धाडसी उत्तर सुचवलं. (मलिक मुंबईच्या आयआयटीतून केमिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडले आणि जीवशास्त्राकडे वळले.) मादीत बीजपेशी विभागते तेव्हा एकच भाग अंडं होतो, बाकीचे वाया जातात. ज्या गुणसूत्राची पकड मजबूत ते अंड्यात जागा पटकावतं. मुंबईत राहिलेल्यांना लोकलच्या दारातली चढाओढ ठाऊक आहेच! जप लांबला की पकड वाढते, म्हणून जप वाढवणाऱ्यांची सरशी होते आणि पकड धरणारी प्रथिनंही तोल सांभाळायला बदलत राहतात. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मायकेल लॅम्पसन यांच्या गटानं उंदरांत दाखवलं की अंड्यात जाण्यात बाजी मारणाऱ्या गुणसूत्रांवर हा जप खरोखरच कितीतरी जास्त असतो.

अर्थात निसर्ग नियम मोडायलाही मोकळा. घोड्याच्या अकराव्या गुणसूत्राच्या कंबरेशी जप नाहीच, तरी त्याचं छान चाललंय. तेव्हा जपाशिवाय पकड बसतच नाही, असं कुणी छातीठोक म्हणू नये.

मग अडगळ म्हणणारे बरोबर होते का? याचं मला पटलेलं उत्तर चिलटांनी दिलंय. ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर आणि सिम्युलन्स या दोन जाती इतक्या सारख्या की तज्ज्ञही नर पाहिल्याशिवाय सहसा ओळखू शकत नाहीत. स्टर्टेव्हंट यांनी १९२० मध्ये नोंदवलेल्या त्यांच्या संकराचं कोडं फार जुनं: आई सिम्युलन्स आणि बाप मेलानोगॅस्टर असेल तर मुलगे जगतात, मुली मात्र अंड्यातच मरतात. मुलींनाच काय होतं? मुलींना बापाकडून एक्स गुणसूत्र मिळतं. मेलानोगॅस्टरच्या एक्सवर ३५९ अक्षरांचा एक जप लाखो अक्षरं लांब पसरला आहे. सिम्युलन्स आईकडे तो नाही. पॅट्रिक फेरी आणि डॅनियल बार्बाश यांनी २००९ मध्ये त्या अंड्यांत डोकावून पाहिलं. गर्भाच्या सुरुवातीच्या विभागण्यांतच बापाकडचं एक्स नीट सुटत नाही, च्युइंगमसारखं दोन बाजूंना ताणलं जातं आणि गर्भ कोसळतो. अंड्यातली सगळी सामग्री आईची. तिला हा जप आवरायची सवयच नाही! ज्या बापाच्या एक्सवर हा जप नव्हता, त्याच्या मुली जगल्या.

जनुकांत खोट नव्हती. फक्त जप जुळला नाही आणि दोन घराण्यांमध्ये भिंत उभी राहिली.

युकिको यामाशिता आणि माधव जगन्नाथन यांनी २०१८ मध्ये आणखी एक काम शोधलं. वेगवेगळ्या गुणसूत्रांवरचे जप काही प्रथिनं एकत्र बांधून धरतात, लाकडांची मोळी बांधावी तसे. बंध सुटला की एखादं गुणसूत्र केंद्रकाबाहेर ओघळतं आणि पेशीचा नाश होतो. चिलटात आणि उंदरात, दोन्हीकडे हेच दिसलं. शब्द वेगळे, मोळी तीच. २०२१ मध्ये त्यांनीच दाखवलं की संकरित चिलटांत ही मोळी नीट बांधली जात नाही.

जपांच्या जागी गुणसूत्रं एकमेकांना चिकटतातही. सह्याद्रीच्या जंगलात रात्री भुंकणारं भेकर तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. त्याच्या मादीत गुणसूत्रं फक्त सहा, नरात सात. आणि त्याचा चिनी भाऊबंद? त्याची शेहेचाळीस! भेकराच्या लांबलचक गुणसूत्रांच्या मधोमध जुन्या कंबरांचे जप अजून अवशेषासारखे सापडतात. कधीकाळी अनेक छोटी गुणसूत्रं टोकाशी टोक जुळून एक झाली, त्याच्या या शिवणी.

अशी एक शिवण माणसातही पडते. सुमारे आठशे माणसांत एकाची दोन गुणसूत्रं जोडलेली असतात, बहुधा १३, १४, १५, २१ आणि २२ यांपैकी. त्याला किंवा तिला स्वतःला काहीच त्रास नसतो, गुणसूत्रं मात्र ४६ ऐवजी ४५. अडचण येते ती मूल होताना. काही गर्भ टिकत नाहीत. एक गुणसूत्र २१ वं असेल तर बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याचा धोका वाढतो. शंभर डाऊन मुलांमागं तीन-चार जणांत कारण ही जोडणी असते. आपल्याकडं गर्भ राहत नाही किंवा टिकत नाही म्हटलं की बोट सुनेकडे दाखवायची रीत अजून गेलेली नाही. शिवण मुलाच्या बाजूनंही असू शकते!

ही शिवण नेमकी कुठं पडते हे इतकी वर्षं दिसत नव्हतं, कारण २००३ मध्ये 'पूर्ण' म्हणून जाहीर झालेल्या मानवी जनुकसंचात जपांची पानं कोरीच होती. हजारो सारख्या ओळी वाचताना यंत्रांनाही आजीसारखी डुलकी लागायची. एका दमात लांब तुकडा वाचणारी यंत्रं आल्यावर २०२२ मध्ये ती पानं भरली. सुमारे वीस कोटी नवी अक्षरं मिळाली, त्यात जपच फार. २०२३ मध्ये वाय गुणसूत्रही पूर्ण झालं. त्याच्या सव्वासहा कोटी अक्षरांपैकी तीन कोटींहून जास्त अक्षरं आधी कुणी वाचलेलीच नव्हती. मग २०२५ मध्ये अमेरिकेतल्या स्टोवर्स संस्थेच्या जेनिफर गर्टन यांच्या गटानं जोडलेली गुणसूत्रं अथपासून इतिपर्यंत वाचली. १३, १४ आणि २१ यांच्यावर 'एसएसटी-१' नावाचा एकच जप आहे आणि जोड त्या जपातच बसलेला निघाला.

एखाद्या जोडप्याचा गर्भ पुन्हा पुन्हा टिकत नसेल तर डॉक्टर दोघांचीही गुणसूत्र-तपासणी सुचवतात. दंडातून थोडं रक्त घेतात, अहवाल काही आठवड्यांत मिळतो. शिवण निघाली तरी अशा अनेक जोडप्यांना पुढं निरोगी मूल झालेलं आहे.